निरंक

आठवडाभर भिंतींना रंगाचा वास होता.
मानांकनाची माणसं येणार म्हणून
जिन्याखालचं भंगार रातोरात टेम्पोतून उचगावला गेलं:
पाय मोडलेले सलाइनचे स्टँड, तीन कमोडखुर्च्या,
आणि चुकून रूथ सिस्टरांचा जेवणाचा डबा.

आक्काताईंनी हात धुण्याच्या पायऱ्या
पाढ्यासारख्या घोकल्या,
तळवा, पाठ, बेचक्या, अंगठा.
तीस वर्षं दुसऱ्यांचं धूत आल्या,
आता त्यांना विचारणार, हात कसे धुता?
"इचारू देत की," म्हणाल्या,
"कोण तर इचारतंय, हेच लई झालं."

मागचे तीन महिने आम्ही एका रात्रीत भरले.
दर दोन तासांनी कूस बदलली, सही.
दर दोन तासांनी कूस बदलली, सही.
सगळं एकाच निळ्या पेनानं,
तेव्हा वॉर्डबॉय बंडानं थोडं फिकट, दुसरं आणून दिलं.
खरं तर बदलत होतोच आम्ही.
शिरोलीच्या फौंड्रीत भाजलेला इलाही मुल्लाणी,
दीड महिना पडून होता,
कमरेला एक व्रण येऊ दिला नाही त्याच्या.
पण बावीस खाटांना दोघी,
कूस बदलायची का लिहायचं?
न झालेली जखम कुठल्या रकान्यात दाखवायची?

तपासणीच्या बाई आल्या. सुती साडी, पायात चालायचे बूट.
मेट्रननी पांढऱ्या रश्शाचा बेत ठेवलेला,
बाईंनी स्वतःची भाजीपोळी उघडली.
रंगाकडं बघितलंसुद्धा नाही.
औषधांच्या कपाटापाशी मात्र थांबल्या.
पोटॅशियम वेगळं, कुलपात, वर लाल चिठ्ठी.
मान हलवली, मग विचारलं,
"वर्षभरात चुका किती नोंदल्या?"
"निरंक, मॅडम," मेट्रन म्हणाल्या,
छाती थोडी पुढं काढून.
"होत नाहीत, की कागदावर येत नाहीत?"

कुणी बोललं नाही.
खिडकीखालून उसाच्या दोन ट्रॉल्या
बावड्याच्या कारखान्याकडं गेल्या, गाणी लावून.
तेवढा वेळ मी लाल चिठ्ठीकडं बघत होते.

चार वर्षांपूर्वी ती चिठ्ठी नव्हती.
एकाच खोक्यात दोन्ही कुप्या,
सारखी उंची, सारखीच निळी अक्षरं.
रात्री सव्वातीनला मी सिरिंज भरली,
हवा काढली,
गडहिंग्लजच्या एका बाळंतिणीच्या नळीला टेकवली
आणि मला शिंक आली.
तोंड फिरवलं तर ट्रेमध्ये रिकामी कुपी,
नाव माझ्याकडं करून पडलेली.
ना शिक्षण आडवं आलं, ना देव.
शिंक.

सकाळी ती बाळाला पाजत होती.
म्हणाली, "सिस्टर, चहा झाला का?"
मी हो म्हणाले. झाला नव्हता.

सर्टिफिकेट आलं. रिसेप्शनला लागलं,
अंबाबाईच्या फोटोशेजारी, जरा वाकडं.
मोठ्या डॉक्टरांनी पेढे वाटले.
खाटा बावीसच. आम्ही दोघीच.
चुकांचा कोरा फॉर्म आता काउंटरला चिमट्यात असतो,
वर छापलंय, कुणालाही दोष दिला जाणार नाही.
छापलंय.

आज रात्री तो ओढून घेतला.
तारीख टाकली, चार वर्षं जुनी.
वेळ: ३.१५
काय घडले: काही नाही.
खोडलं.
काय घडले: शिंक आली.
खोडलं.
फरशी पुसत आक्काताई जवळ आल्या,
वाचता फारसं येत नाही त्यांना.
"लिवा की. एवढा कसला इचार करतायसा?"
पेन नावाच्या रकान्यावर आलं
तेवढ्यात अकरा नंबरची बेल.

फॉर्म रजिस्टरखाली सरकवला,
कोपरा बाहेर राहील इतकाच.
हात चोळत निघाले,
तळवा, पाठ, बेचक्या,
अंगठा.